सव्वा लाखाची कोंबडी

मी एकदा एका कोंबडीसाठी पावणेदहा हजार दिरहॅम मोजायचं कबूल केलं होतं. म्हणजे आपले सव्वा लाख रुपये. कोंबडी पत्र्याची होती.

ती घड्याळात राहायची. किल्लीचं, गजराचं, टेबलावर ठेवायचं गोल घड्याळ. तबकडीवर लाल तुऱ्याची एक कोंबडी, आणि प्रत्येक टिकटिकीला ती मान खाली घालून दाणे टिपणार. असं घड्याळ माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या, स्वयंपाकघरात फळीवर होतं. त्याच्या गजरावर माई उठायच्या, त्याच्याकडे बघत भात शिजवायच्या आणि त्याच्याकडे बघतच जावयाला किती वेळ ताटकळत ठेवायचं ते ठरवायच्या. मग माई गेल्या. पुढं सासऱ्यांनी, अण्णांनी, साताऱ्याचं घर सोडून पुण्यात फ्लॅट घेतला आणि त्या हलवाहलवीत कोंबडी कुठंतरी गहाळ झाली. अण्णा कशाचीच तक्रार करणाऱ्यातले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "सामान सगळं आलं गं. हिची कोंबडी तेवढी आली नाही."

फोन ठेवून सुनंदा (माझी बायको) सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "अहो, ते तुमचं कंप्यूटरवरचं लिलावाचं खूळ आहे ना, त्याचा आयुष्यात एकदा तरी उपयोग करा."

त्या खुळाबद्दल सांगायला हवं. मी दुबईत, रास अल खोरमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पर्चेस डिपार्टमेंटला होतो. दिवसभर सिमेंट, नळ आणि संडासाची भांडी यांचे भाव पाडायचे आणि संध्याकाळी दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून अजमानला यायचं. (आम्ही अजमानला राहायचो, कारण दुबईतलं भाडं ऐकल्यावर सुनंदानं ते रुपयांत करून पाहिलं आणि त्या रात्री ती जेवली नाही.) इंटरनेट घरी नवीनच आलं होतं, आणि एका अमेरिकन साइटवर जगातलं वाटेल ते लिलावात मिळतं हा शोध मला लागला होता. झालं! दिवसभर भाव पाडून ज्याचं पोट भरत नाही, त्याला आणखी काय पाहिजे?

लिलाव कसा चालायचा तेही ऐका, कारण पुढचा सगळा सत्यानाश त्यावरच उभा आहे. आपण आपला जास्तीत जास्त आकडा टाकायचा. तो आकडा साइट लगेच मोजायला लावत नाही. ती फक्त समोरच्याच्या एक पायरी वर जाऊन थांबते. (भाव मोठा, तर पायरीही मोठी.) तुम्ही शंभर टाकलेत आणि समोरच्याचे चाळीस असतील, तर तुम्हाला वस्तू एकेचाळीसला. म्हणजे या पद्धतीत एकट्या मूर्खाला काही धोका नसतो. मूर्ख दोन लागतात.

पण लवकर बोली लावली की लोकांना चेव येतो आणि भाव चढतो. म्हणून मी माझं तंत्र काढलं होतं. दबा धरून बसायचं, कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही आणि शेवटच्या सहा-सात सेकंदांत आकडा टाकून मोकळं व्हायचं. समोरच्याला पापणी हलवायला वेळ नाही. खलास! या तंत्रानं मी एक भिंगाशिवायचा प्रोजेक्टर, डावखुऱ्याचा एक गोल्फचा हातमोजा आणि बर्फात चालायचे बूट जिंकले होते. बूट आले तेव्हा अजमानात पारा पंचेचाळीसवर होता.

"घाला ना," सुनंदा म्हणाली, "समुद्रकाठी कॉर्निशवर फिरून या. बर्फ लागलं तर मलाही आणा."

आता थट्टा थांबली होती, कारण आता प्रश्न अण्णांचा होता. दिवाळीच्या सुमारास ते पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर इकडं येणार होते, आणि दिवाळी कुणाकडे हे ठरायचं होतं. दुसरा उमेदवार म्हणजे सुनंदाची थोरली बहीण विद्याताई आणि माझे साडू दिलीपराव. दिलीपराव अबू धाबीला तेलाच्या कंपनीत. कंपनीचा फ्लॅट, त्यात बारा माणसांचं डायनिंग टेबल, आणि दिलीपरावांचा आवाज त्या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरणारा. आमच्याकडे टेबल होतं, पण त्यावर कंप्यूटर होता.

"प्रत्येक गोष्ट ताईकडेच होते," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट. "साखरपुडे ताईकडे, बारशी ताईकडे, गणपती ताईकडे. का, तर ताईकडे सगळं मोठं आहे. माझ्याकडे निदान माईची कोंबडी असू दे. ती दिसली की अण्णा दिवाळीला इथंच राहतील. मला ही एक दिवाळी पाहिजे हो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे इतक्या सरळपणे काही मागितलं नव्हतं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "समज, आली."

आणि खरंच ती साइटवर होती! अगदी तीच लाल तुऱ्याची. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातल्या एका आजीबाईंनी विकायला काढलेली. भाव चाळीस डॉलरच्या आसपास रेंगाळत होता. लिलाव संपणार होता शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी. सुनंदानं लगेच मला शपथ घातली, "ताईकडे अवाक्षर काढायचं नाही हं!"

अवाक्षर काढायचा प्रश्नच नव्हता. काढायचं ते मी आधीच काढून बसलो होतो. ईदच्या सुट्टीत दिलीपरावांच्या त्या बारा माणसांच्या टेबलावर मी शेवटच्या सेकंदाच्या तंत्रावर सविस्तर व्याख्यान दिलं होतं. प्रात्यक्षिकासह! बशीत एकच बटाटेवडा उरला होता. मी म्हणालो, "हे बघा दिलीपराव, आत्ता हात घातला तर सगळ्यांची नजर जाईल. म्हणून आपण शांत बसायचं. कुणी हात पुढं केला की अगदी त्या क्षणी..." तेवढ्यात तो वडा माझ्या मुलीनं, मनूनं, खाल्ला. पण दिलीपरावांना तत्त्व पटलेलं दिसलं. ते दोनदा म्हणाले, "शेवटचे सहा-सात सेकंद? अस्सं!"

शुक्रवारची तयारी मी एखाद्या टेंडरसारखी केली. साठ डॉलर ही आमची मर्यादा. मनूकडे घड्याळ आणि उलटी मोजणी. सुनंदाकडे टेलिफोन. (त्या काळी फोन आणि इंटरनेटला तार एकच. कुणाचा फोन आला की इंटरनेट गेलंच म्हणून समजा.) तिनं सगळ्या ओळखीपाळखीच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की आज संध्याकाळी आमच्याकडे फोन करू नका, यांची महत्त्वाची मीटिंग आहे. त्यामुळे मला काय झालंय ते विचारायला दुपारपासून पाच जणांचे फोन आले.

संध्याकाळी मॉडेमनं नेहमीप्रमाणे किंचाळून लाईन लावली. मी खुर्चीत. मनू उजवीकडे. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात, कारण कुकर चढवलेला होता. (प्रसंग कसलाही असो, आमच्याकडे कुकर चढवलेला असतो.) दोन मिनिटं राहिली आणि लाईन तुटली!

"बाबा, इट्स गॉन," मनू म्हणाली.

"यल्ला, यल्ला! चल लवकर!" मी मॉडेमला म्हणालो. मॉडेम पुन्हा किंचाळलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. खालच्या बकाल्यातला, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातला, माणूस दही घेऊन आला होता.

"भाभी, दो डब्बा दिया, तीन दिरहॅम."

"तीन?" सुनंदा दारातून ओरडली. "म्हणजे एकोणचाळीस रुपये! दह्याला!"

"सुनंदा, दही घे आणि दार लाव!" मी ओरडलो.

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती फक्त आमच्या घरची नाही. आम्ही आखाती मराठी माणसांनी इतकी वर्षं इथं काढली, पण एकही दिरहॅम दिरहॅम म्हणून खर्च केला नाही. प्रत्येक दिरहॅम आधी रुपया होतो, मग दुखतो आणि मगच जातो. दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात धरून माणसं डोळे मिटून उभी राहिलेली दिसली की समजावं, आपलीच आहेत, तेरानं गुणतायत. त्यातून सुनंदाचं माहेर म्हणजे या विद्येचं मुख्य पीठ. अण्णा पुण्यात बसून प्रत्येक फोनला विचारणार, "मनूची फी किती झाली? बरं. म्हणजे आपले किती?" आणि तो 'म्हणजे आपले किती' त्यांच्या दोन्ही मुली सासरी बरोबर घेऊन आल्या होत्या. तो ऐकला की माझं तोंड आपोआप गुणाकार करायचं. दिलीपराव तर रोज सकाळी एक्सचेंजला फोन करून ताजा रेट घ्यायचे, म्हणजे विद्याताईंनी विचारल्यावर चूक व्हायला नको.

तर लाईन लागली. पान हळूहळू उतरू लागलं. आधी कोंबडीचा तुरा आला, मग चोच, मग भाव: त्रेचाळीस डॉलर. मी आकड्याच्या चौकोनात बोट टेकवून बसलो. कुकरची शिट्टी झाली.

"ट्वेंटी सेकंड्स, बाबा."

"नक्की किती टाकताय?" दारातून आवाज आला.

"साठ डॉलर. ठरलंय ना आपलं!"

"म्हणजे?"

"दोनशे वीस दिरहॅम."

"टेन... नाईन..."

"म्हणजे आपले किती?"

"दोन हजार आठशे साठ!" मी ओरडलो. आणि माझ्या बोटांनी ते ऐकलं.

साइटनं विचारलं, नक्की ना? असले प्रश्न मी वाचत नाही. पर्चेसच्या माणसाचा निर्णय झालेला असतो. दाबलं! पान पांढरं झालं, घुटमळलं, आणि अभिनंदनाची मोठी पाटी आली. जिंकलो!

मी खुर्चीवरून उठून सुनंदाला चक्क मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "माईची कोंबडी आली हो!" कुकरनंही शिट्टी दिली. मी म्हणालो, "बघितलंस? समोरच्याला पापणी हलवायला वेळ दिला नाही!" मनू तेवढी पडद्याकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "व्हाय इज देअर अ कॉमा?"

"कसला कॉमा?"

"इन द प्राइस."

मी पाहिलं. दोन, मग स्वल्पविराम, मग सहा, पाच, शून्य. दोन हजार सहाशे पन्नास डॉलर. मला पहिल्यांदा वाटलं साइट रुपयांत बोलतेय. आपुलकीनं! मग डॉलरची खूण दिसली. सुनंदानं खांद्यावरून वाकून पाहिलं आणि सवयीनं हिशोब करायला घेतला, "म्हणजे पावणेदहा हजार दिरहॅम... म्हणजे आपले..." आणि सव्वा लाखावर पोचताच तिनं आत जाऊन गॅसच बंद केला.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आपल्याकडे म्हणतात. आम्ही नुसत्या कोंबडीतच घर विकायच्या बेतात होतो.

पण मला वेगळंच कोडं पडलं होतं. मी साठऐवजी दोन हजार आठशे साठ टाकले हे खरं, पण साइट समोरच्याच्या एकच पायरी वर थांबते ना? म्हणजे समोरच्यानंही सव्वीसशे डॉलर टाकले होते! एका पत्र्याच्या कोंबडीसाठी! जगात माझ्या तोडीचा आणखी एक माणूस होता, आणि तोही नेमक्या त्याच सेकंदाला तिथं टपकला होता.

लाईन मोकळी केली मात्र, फोन खणखणला. विद्याताई! हसण्यानं त्यांना बोलता येत नव्हतं. सुनंदानं स्पीकरचं बटण दाबलं.

"सुने, अगं काय गंमत सांगू! तुला सांगणार नव्हते, सरप्राइज होतं. अण्णा म्हणाले ना, हिची कोंबडी आली नाही म्हणून?"

"तुलाही म्हणाले?"

"हो ना! म्हणून आम्ही तसंच घड्याळ शोधलं इंटरनेटवर. म्हटलं कोंबडी बघून अण्णा दिवाळीला आमच्याकडेच राहतील. यांनी भावजींचीच ट्रिक वापरली, शेवटच्या सेकंदाची. मी आपलं विचारलं, म्हणजे आपले किती, तर या माणसानं डॉलरच्या जागी रुपये टाकले गं! पंचावन्नच्या ऐवजी दोन हजार सहाशे! मी तर देवापुढं उभी राहिले. पण देव आहे बघ. कुणीतरी यांच्याहूनही महामूर्ख निघाला, त्यानं जास्त टाकले आणि आम्ही सुटलो!"

सुनंदा माझ्याकडे बघत म्हणाली, "हो का? कोण असेल गं असा?"

मग दिलीपराव फोनवर आले. "भावजी, तुमची ती आयडिया फेल गेली हं! पण नशीब, फेल गेली. हबीबी, मला कीव येते ती त्या माणसाच्या बायकोची. आत्ता या क्षणी तिचं काय होत असेल!"

त्या क्षणी तिचं काय होत होतं ते माझ्यासमोरच होतं. मी म्हणालो, "बिचारी."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तर हिशोबानंसुद्धा तेवढ्याचीच होती! मी ठरवलं, या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. गुपचूप त्या अमेरिकन आजीबाईंना लिहायचं आणि सुटायचं. पत्र लिहायला बसलो, पण मला इंग्रजी येतं ते टेंडरचं. मी सुरुवात केली, 'वर उल्लेखिलेल्या कोंबडीच्या संदर्भात आपणांस कळविण्यात येते की...' मनूनं ते वाचलं आणि म्हणाली, "बाबा, शी विल कॉल द पोलीस." शेवटी मनूनंच साध्या भाषेत लिहिलं: माझे वडील प्रत्येक गोष्ट तेरानं गुणतात, त्यांना माफ करा.

आजीबाई रविवारपर्यंत गप्प. मी रात्री दचकून उठायचो. सुनंदा बोलत होती, पण फक्त मनूशी. "मनू, तुझ्या बाबांना विचार, आमटी वाढू का. की तिचाही लिलाव करायचाय?"

मग ऑफिसात दिलीपरावांचा फोन आला. या वेळी आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा नव्हता.

"भावजी, घात झाला. त्या महामूर्खानं हात वर केले!"

"कोणी?" मी विचारलं. (काय हा निरागसपणा!)

"तोच हो! त्यानं नाही म्हटलं, म्हणून म्हातारीनं दुसऱ्या नंबरवाल्याला ऑफर पाठवली. म्हणजे मला! म्हणते, तुमचाच आकडा होता, सव्वीसशे डॉलर, घ्या. विद्या माहेरी जाईन म्हणते. माहेर तर इकडंच येतंय! तुम्ही यातले एक्स्पर्ट, सांगा काय करू."

"मनमोकळं लिहून टाका तिला," मी एक्स्पर्टच्या आवाजात म्हणालो. "लिहा, चुकून रुपये पडले."

"ते लिहितोच. पण त्या नालायकाला शोधून काढला पाहिजे. माणसानं दिलेल्या शब्दाला काही किंमत?"

"होती ना," मी म्हणालो, "पावणेदहा हजार दिरहॅम." आणि जीभ चावली. पण दिलीपराव रागात होते, त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंचं उत्तर आलं. मी ऑफिसात उघडलं. वर नाव होतं माझं. आणि माझ्या शेजारी, जेवणाच्या पंगतीत बसवावं तसं, दिलीपरावांचं! दोघांना मिळून एकच पत्र. त्याचा मतलब असा:

'सभ्य गृहस्थहो, तुम्ही दोघांनी सव्वीसशेच्या घरात बोली लावलीत, तेव्हा मला वाटलं माझ्या मावशीच्या घड्याळात हिरे आहेत. मी ते उघडून पाहिलं. नाहीत. आता कोंबडी एक दाणा टिपते आणि एक सोडते, ही चूक तुमची आहे. तुम्ही दोघांनीही मला एकच कारण कळवलंत, की आम्ही तेरानं गुणतो. जगात अशी दोन माणसं असतील तर त्यांची एकमेकांशी ओळख असायला हवी, म्हणून ही करून देते. तिसऱ्याची बोली त्रेचाळीस होती. तुमच्यापैकी कुणीतरी चव्वेचाळीस पाठवा आणि मला शांतपणे जगू द्या.'

मी फोनकडे बघत बसलो. तो वाजायला फार वेळ लागला नाही.

"भावजी," दिलीपराव म्हणाले, "तो नालायक..."

"मीच."

मला वाटलं आता गर्जना होणार. पण पलीकडून एक विचित्र आवाज आला, आणि माझ्या लक्षात आलं की दिलीपराव हसतायत. मीही सुटलो. मी इतका हसलो की आमच्या अरब मॅनेजरनं केबिनबाहेर येऊन विचारलं, टेंडर मिळालं का? मी म्हणालो, इन्शाल्ला.

घरी मात्र प्रकरण हसण्यावारी गेलं नाही. दोघी बहिणी एकमेकींवर रुसल्या. ही म्हणे, ताईनं मला चोरून कोंबडी पळवायला घेतली. ती म्हणे, सुनीनं फोनवर 'हो का, कोण असेल' म्हणून मला फसवलं. शेवटी हट्टाला पेटून दोघींनी आपापल्या घरून एकीपाठोपाठ एक अण्णांनाच फोन लावले आणि सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग अण्णा हसले. माई गेल्यानंतर ते फोनवर कधी हसले नव्हते. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी प्यायला गेले, परत आले आणि पुन्हा हसले. सुनंदा मात्र फोन धरून रडत होती.

मग अण्णांनी निकाल दिला. (ते कोर्टात शिरस्तेदार होते, निकाल ऐकण्यात जन्म गेला, द्यायची संधी पहिल्यांदाच आली होती.) "घड्याळ सुनूकडे, कारण बोली तिच्या नवऱ्याची जास्त. दिवाळी विद्याकडे, कारण तिचा नवरा दोनशे साठ डॉलरनं शहाणा आहे."

सुनंदानं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. कित्येक दिवसांनी ती थेट माझ्याशी बोलली. "तुम्हाला कमी मूर्ख होता आलं नाही?"

तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं. ज्या दिवाळीसाठी तिनं एकदाच काही मागितलं, ती मी दोनशे साठ डॉलरनं घालवली होती. म्हणजे आपले... असो.

अण्णा आले. दिवाळीला आम्ही सगळे अबू धाबीला गेलो. आजीबाईंकडून आलेलं घड्याळ सुनंदानं शालीत गुंडाळून वाटभर मांडीवर घेतलं होतं. नरक चतुर्दशीच्या पहाटे त्याचा गजर झाला. पत्र्याच्या डब्यात खडे घोळावेत तसा कर्कश! सगळं घर दचकून उठलं. बाहेर येऊन बघतो तर अण्णा त्या बारा माणसांच्या टेबलाशी एकटेच बसलेले, समोर घड्याळ. ते किल्ली देत होते, अगदी हळू, मोजून. कोंबडी एक दाणा टिपत होती आणि एक सोडत होती.

"हिची नाही ही," अण्णा म्हणाले. "हिची एकही दाणा सोडायची नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावरही बराच वेळ हातातच ठेवला. सुनंदा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. विद्याताई दुसऱ्या बाजूला. इतक्या मोठ्या टेबलाच्या एका कोपऱ्यात तिघं चिकटून बसली होती.

"भाऊबीज झाली की ही अजमानला जाणार ना?" अण्णांनी कोंबडीकडे बोट करून विचारलं.

"हो," सुनंदा म्हणाली.

"मग मीही तिच्याबरोबर जातो. व्हिसा संपेपर्यंत तिथंच."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला माफी दिसली. आता सगळं निस्तरलं, असं समजून मी खिशातून मोबाईल काढला आणि ऑफिसातल्या लोकांना दिवाळीचे मेसेज पाठवायला लागलो. दिलीपराव टीव्ही लावायला रिमोट घेऊन उभे होते.

अण्णांनी घड्याळ उचलून खालून-वरून पाहिलं. "पण शेवटी पडलं कितीला हे?"

"चव्वेचाळीस डॉलर," मी आणि दिलीपराव एकदम म्हणालो.

"असं होय," अण्णा म्हणाले. "म्हणजे आपले किती?"

मी तोंड उघडलं. दिलीपरावांनीही उघडलं. विद्याताईंनी झटकन उठून दिलीपरावांच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"थांबा!" सुनंदा मला म्हणाली. "आधी तो मोबाईल खाली ठेवा. मग बोला."